तळघरातील तडे : बुजविण्यापूर्वी वाचायला हवेत

पावसाळा तोंडावर आला की शहरांतील अनेक गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये एक काम ठरल्याप्रमाणे निघते. बेसमेंटच्या भिंतींवर गेल्या वर्षी दिसलेले तडे सिमेंटने बुजविले जातात, त्यावर रंगाचा हात फिरतो आणि देयक मंजूर होते. जुलैच्या मध्यास त्याच ठिकाणी पुन्हा ओल येते. या चक्रात पैसा वाया जातो, हे तर खरेच. परंतु त्याहून मोठे नुकसान म्हणजे तडा बुजविताना तो निर्माण होण्याच्या कारणाचा पुरावाही बुजविला जातो. तडा हा आजार नसून आजाराचे लक्षण आहे. त्याची दिशा, रुंदी, ओल आणि वाढ या चार गोष्टी पाहिल्याशिवाय केलेली दुरुस्ती ही निव्वळ रंगरंगोटी ठरते.

पाण्याचा आणि मातीचा रेटा

जमिनीवरची भिंत प्रामुख्याने वरचा भार पेलते. तळघराच्या भिंतीला त्याबरोबर बाजूने येणारा रेटाही सोसावा लागतो. पावसाळ्यात भिंतीमागे तीन मीटर उंचीपर्यंत पाणी साचले, तर तळाशी प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे तीन टन, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण सुमारे साडेचार टन दाब केवळ पाण्याचा येतो. मातीचा दाब त्याखेरीज असतो.

महाराष्ट्रात त्यात काळ्या मातीची भर पडते. कापसाची म्हणून ओळखली जाणारी ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. भिंतीमागील खड्डा या मातीने भरला असेल, तर भिंतीवर दरवर्षी दाब वाढण्याचे आणि कमी होण्याचे चक्र सुरू राहते. म्हणूनच भराव मुरूम व खडीचा असावा आणि त्यातील पाण्याचा निचरा व्हावा, असा आग्रह धरला जातो.

तड्याची दिशा काय सांगते?

उभे, केसासारखे बारीक आणि साधारण ठराविक अंतरावरील तडे बहुधा काँक्रीट वाळताना आकसल्यामुळे पडतात. ते प्रामुख्याने बांधकामानंतरच्या सुरुवातीच्या काळात दिसतात आणि पुढे स्थिरावतात. इमारतीच्या मजबुतीला त्यांचा धोका सहसा नसतो. मात्र त्यांतून पाणी झिरपू शकते.

तिरपे तडे, किंवा विटांच्या भिंतीत सांध्यांवरून पायऱ्यांसारखे चढत जाणारे तडे, पाया असमान खचल्याची शंका निर्माण करतात. तडा वर रुंद व खाली निमुळता असेल, तर बहुधा भिंतीचे टोक खचलेले असते. खाली रुंद असेल, तर मधला भाग बसलेला असण्याची शक्यता अधिक. शेजारच्या भूखंडावर पुनर्विकासासाठी खोल खोदाई सुरू झाल्यानंतर असे तडे दिसू लागले, तर ती बाब तातडीने लेखी कळविणे आवश्यक ठरते.

आडवा तडा सर्वांत गंभीर मानावा. वर स्लॅबने आणि खाली फरसबंदीने धरलेली भिंत बाहेरच्या रेट्याने आत वाकू लागली, की साधारण मध्यउंचीवर आडवी भेग पडते. भिंत वरून मोकळी असेल, तर तडा तळाशी आणि मातीच्या बाजूला पडतो. आतून तो दिसतही नाही. अशा वेळी भिंतीचे वरचे टोक आत झुकले आहे का, हे ओळंबा लावून पाहावे लागते.

सळईच्या रेषेत गेलेला, तांबूस डाग असलेला तडा गंजाचा असतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असल्याने तो काँक्रीट आतून फोडतो आणि पोपडे सुटतात. किनारपट्टीवरील खारी हवा या प्रक्रियेला वेग देते. भिंत आणि तळाचा स्लॅब यांच्या सांध्यातून येणारे पाणी हा आणखी वेगळा प्रकार. तो तडा नसून दोन दिवशी ओतलेल्या काँक्रीटमधील कच्चा जोड असतो.

मोजणी आणि नोंद

भारतीय मानक ब्युरोच्या १९८४ च्या एसपी २५ या पुस्तिकेत एक मिलिमीटरपेक्षा कमी रुंदीचा तडा बारीक, एक ते दोन मिलिमीटरचा मध्यम आणि त्याहून मोठा तो रुंद, अशी वर्गवारी आहे. आयएस ४५६ : २००० हे मानक माती किंवा भूजलाच्या संपर्कातील काँक्रीटसाठी अधिक कडक आहे, तेथे ०.२ मिलिमीटरची मर्यादा सांगितली आहे.

मात्र रुंदीपेक्षाही महत्त्वाचा प्रश्न असतो, तो तडा वाढतो आहे की थांबला आहे, हा. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी, रुंदी मोजून ठेवावी आणि गिलावा काढलेल्या जागी तड्यावर काचेची पट्टी दोन्ही बाजूंनी पक्की चिकटवावी. पट्टी तडकली तर हालचाल सुरू आहे, असे समजावे. उन्हाळा आणि पावसाळा अशा दोन्ही ऋतूंतील नोंद अधिक उपयोगी. रुंद, आडवा वा झपाट्याने वाढणारा तडा असल्यास मात्र नोंदीसाठी थांबू नये. अभियंत्यास तत्काळ बोलवावे.

दुरुस्ती कारणानुसार

स्थिरावलेल्या, कोरड्या तड्यात इपॉक्सी दाबाने भरल्यास काँक्रीट पुन्हा सांधले जाते. परंतु हालचाल सुरूच असेल, तर इपॉक्सीचा जोड टिकतो आणि शेजारचे काँक्रीट फाटते. वाहत्या पाण्याच्या तड्यात पॉलियुरेथेन वापरतात. ते पाण्याशी संयोग पावून फुगते व वाट अडवते, मात्र भिंतीची ताकद वाढवीत नाही. पोकळ, सच्छिद्र काँक्रीटमध्ये नोझल बसवून सिमेंटचे ग्राउटिंग करावे लागते.

गंजलेल्या भागात वरून गिलावा करणे सर्वांत घातक. तेथे सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढून, सळई स्वच्छ करून, गंजरोधक थर देऊन पॉलिमरयुक्त मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरणे हा मार्ग होय. आत वाकणाऱ्या भिंतीला केवळ भरण पुरत नाही. तिच्यावरील रेटा कमी करणे आणि तिला बळकटी देणे ही दोन्ही कामे अभियंत्याच्या आराखड्यानुसारच करावी लागतात.

पाणी बाहेरच अडविणे नेहमी श्रेयस्कर. बांधकामाच्या वेळीच शहाबादी फरशीचे ‘बॉक्स’ वॉटरप्रूफिंग करण्याची आपल्याकडील पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. जुन्या इमारतीत बाहेरून खोदणे अशक्य असले, तरी गच्चीचे पाणी भिंतीपासून दूर नेणे, फुटलेल्या ड्रेनेजच्या वाहिन्या बदलणे आणि भिंतीलगतच्या कुंड्या व बागेचे पाणी थांबविणे हे करता येते. बेसमेंट पुराच्या पाण्याने भरले, तर ते एकदम उपसू नये. बाहेरची जमीन भिजलेली असताना आतील पाण्याचा आधार अचानक निघाल्यास भिंत आत कोसळण्याचा धोका असतो. उपसा टप्प्याटप्प्याने करावा.

दुर्लक्षाची किंमत

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड येथील १२ मजली इमारत २४ जून २०२१ रोजी अंशतः कोसळली आणि ९८ जणांचा मृत्यू झाला. तत्पूर्वी २०१८ मध्ये अभियंत्याने दिलेल्या अहवालात पोहण्याच्या तलावालगतच्या निकामी वॉटरप्रूफिंगचा, तेथील स्लॅबच्या मोठ्या हानीचा आणि वाहनतळातील स्तंभ, तुळया व भिंतींवरील तड्यांचा उल्लेख होता. प्रत्येक तडा अशा दुर्घटनेकडे नेतो असे मुळीच नाही. परंतु लेखी इशारा आणि प्रत्यक्ष काम यांत वर्षे जाऊ देणे किती महागात पडू शकते, याचा हा धडा आहे.

महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करणे अपेक्षित आहे. या तपासणीत बेसमेंटचा समावेश आहे ना, हे सभासदांनी पाहावे. शक्यतो निदान करणारा अभियंता आणि काम करणारा ठेकेदार वेगवेगळे असावेत. ठेकेदाराचे दरपत्रक मागविण्याआधी ‘तडा कशामुळे पडला?’ या प्रश्नाचे लेखी उत्तर सोसायटीच्या दप्तरी असले, तर त्यानंतर होणारा खर्च सार्थकी लागण्याची शक्यता निश्चितच वाढते.