पाण्याचे भांडे लवकर रिकामे होते आहे? उतारवयातील मांजर आणि मूत्रपिंडाचे आजार

मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूर गेली की पुष्कळ घरांत ज्येष्ठांच्या सोबतीला उरते ते मुलांनीच कधीतरी उचलून आणलेले मांजर. ते दिवसभर मागेपुढे घुटमळते, दुपारी पायाशी निजते, आणि बघता बघता तेही म्हातारे होते. दहा वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबाने पन्नाशी ओलांडलेले असते. पंधरा वर्षांचे मांजर पंचाहत्तरीच्या घरात पोहोचलेले असते. या वयात मांजरांना जे आजार हमखास गाठतात, त्यांत मूत्रपिंडाच्या दीर्घकालीन विकाराचा क्रमांक फार वरचा आहे.

हा आजार गाजावाजा करत येत नाही. मांजर दुखणे लपवणारा प्राणी आहे. रानात दुबळेपणा उघड झाला की दुसऱ्याचे भक्ष्य व्हावे लागते, ही सवय घरातल्या गादीवरही सुटत नाही. त्यामुळे पशुवैद्याच्या टेबलावरील दहा मिनिटांच्या तपासणीत जे दिसत नाही, ते घरात असणाऱ्या माणसाच्या रोजच्या नजरेला आधी दिसते. ज्येष्ठ वाचकहो, ती नजर बहुधा आपलीच असते. मांजराचे पुढचे आयुष्य किती आणि कसे, हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

मूत्रपिंडे थकतात म्हणजे काय होते?

रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या माणसाच्या एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख असतात. मांजराच्या एका मूत्रपिंडात त्या सुमारे दोन लाख असतात. वयाबरोबर त्या निकामी होतात आणि पुन्हा निर्माण होत नाहीत. उरलेल्या गाळण्या अधिक काम ओढतात, म्हणून बराच काळ वरवर काहीच बिघडलेले दिसत नाही. साधारणपणे दोन तृतीयांश गाळण्या गमावल्यावर मूत्रपिंडांना लघवी घट्ट करता येईनाशी होते. पाणी शरीरात न थांबता वाहून जाते आणि ते भरून काढण्यासाठी मांजर अधिक पाणी पिऊ लागते.

येथेच अनेक घरांत गैरसमज होतो. "आमचे मांजर हल्ली पाणी छान पिते, लघवीही भरपूर करते, म्हणजे मूत्रपिंडे ठणठणीत असणार," असे आपण समजतो. वस्तुस्थिती नेमकी उलट असू शकते. मांजराचे पूर्वज वाळवंटी प्रदेशातील रानमांजर. शिकारीच्या मांसातील ओलाव्यावर भागवणे हा त्याचा स्वभाव. अशा प्राण्याने पाण्याच्या भांड्यापाशी वारंवार जाणे, नळाखाली वा बादलीत तोंड घालणे, ही शरीराने दिलेली सूचना समजावी.

ही सूचना मोजता येते. सकाळी मापून पाणी ठेवा, दुसऱ्या दिवशी उरलेले मोजा. मांजराने वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरहून अधिक पाणी प्यायले, म्हणजे चार किलोच्या मांजराने ४०० मिलिलिटरहून अधिक, तर ते निश्चितच जास्त आहे. त्याहून कमी असले तरी पूर्वीपेक्षा सतत वाढत असेल, तर पशुवैद्याला दाखवावे. मधुमेह आणि थायरॉइडच्या विकारातही तहान वाढते. म्हणून निदान घरी ठरवू नये, रक्त-लघवी तपासून घ्यावी.

तहानेखेरीज इतरही खुणा आहेत: हळूहळू घटणारे वजन, अन्न हुंगून मागे फिरणे, उलट्या, बद्धकोष्ठ, तोंडाची उग्र दुर्गंधी, अंग चाटण्यात आलेली हेळसांड आणि त्यामुळे विस्कटलेली, निस्तेज लव. वजनाकडे विशेष लक्ष असावे. चार किलोच्या मांजराचे ४०० ग्रॅम घटणे हे साठ किलोच्या माणसाने सहा किलो गमावण्यासारखे आहे.

लघवी अडली तर रात्र काढू नका

मूत्रपिंडाचा दीर्घ विकार सावकाश चालतो. मूत्रमार्गाचा अडथळा मात्र तासांच्या हिशेबाने जीव घेतो. तो प्रामुख्याने बोक्यांमध्ये होतो, कारण त्यांची मूत्रनलिका लांब आणि अरुंद असते. खडा किंवा चिकट कणांचा गोळा तीत अडकतो. बोका पुन्हा पुन्हा वाळूच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतो, ओरडतो, मागचा भाग सतत चाटतो. लघवी थेंब-थेंब होते किंवा मुळीच होत नाही. हे बद्धकोष्ठ आहे असे समजून अनेकजण वाट पाहतात. वाट पाहू नका. तुंबलेल्या लघवीमुळे रक्तातील पोटॅशियम वाढते आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकते. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्न करू नये; मूत्राशय फुटण्याचा धोका असतो. रात्रीची वेळ असली तरी थेट डॉक्टर गाठावा. त्यासाठी रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना कोणता, हे आजच विचारून दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लावून ठेवा.

लघवीत रक्त दिसणे, वारंवार थोडी थोडी लघवी होणे, ही मूत्राशयाच्या दाहाची लक्षणे. तरुण मांजरांत जंतुसंसर्ग क्वचित आढळतो. म्हाताऱ्या मांजराची लघवी पातळ झालेली असल्याने त्याच्यात जंतू सहज वाढतात. उतारवयात खडेही होतात. त्यांतील काही विशिष्ट आहाराने विरघळतात, तर कॅल्शियम ऑक्झॅलेटचे विरघळत नाहीत. कोणता प्रकार आहे हे तपासणीनेच कळते.

म्हातारे मांजर ट्रे सोडून कोपऱ्यात, सतरंजीवर लघवी करू लागले, तर ते रागाने वा खोडीने नव्हे. लघवीची घाई, सांधेदुखी किंवा ट्रेची उंच कड हे कारण असते. ओरडण्याऐवजी कमी उंचीचा ट्रे घ्यावा, झोपण्याच्या जागेजवळ आणखी एक ठेवावा आणि सुगंधी वाळू टाळावी.

तपासण्या कशासाठी?

रक्तातील क्रिएटिनीन आपल्याला स्वतःच्या तपासणीच्या कागदावरून परिचित असते. मांजरातही तेच मोजतात. पण सुमारे तीन चतुर्थांश कार्यक्षमता गेल्याशिवाय ते सहसा वाढत नाही. एसडीएमए नावाची चाचणी बिघाड त्याआधी दाखवू शकते. लघवीची घनता, लघवीतील प्रथिने, फॉस्फरस, पोटॅशियम आणि सोनोग्राफी यांवरून आजाराचा टप्पा ठरतो. असे चार टप्पे मानले जातात. दुसऱ्या टप्प्यात लक्षात आलेली अनेक मांजरे योग्य काळजीने पुढे काही वर्षे समाधानाने जगतात. म्हणून दहाव्या वर्षानंतर वर्षातून दोनदा तपासणी करणे शहाणपणाचे.

रक्तदाब मोजण्याचा आग्रह धरा. मूत्रपिंडाच्या आजारात तो वाढतो आणि डोळ्यांच्या पडद्याला इजा करतो. मांजर अचानक भिंतीला, फर्निचरला धडकू लागले, बाहुल्या मोठ्या दिसू लागल्या, तर त्याच दिवशी दाखवावे. वरचा रक्तदाब १६० च्या वर राहिला तर औषध लागते, आणि ते गुणकारी ठरते.

लहान गावांत मांजरांचा अनुभव असणारा डॉक्टर मिळणे अवघड जाते. अशा वाचकांनी परळ (मुंबई), नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या चिकित्सालयांत चौकशी करावी.

वाटीत काय असावे?

या आजारात फॉस्फरस कमी आणि प्रथिने मोजकी, पण उत्तम प्रतीची असलेला आहार लागतो. मूत्रपिंडासाठीच्या खास खाद्याने मांजराचे आयुष्य वाढते, हे अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र बदल दोन-चार आठवड्यांत, जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळून करावा. मांजराला मळमळत असताना नवे अन्न पुढे केले, तर ते त्या अन्नाचाच कायमचा तिटकारा धरते. आधी उलटीवर औषध, मग आहार.

आपल्याकडील नेहमीचे पदार्थ तपासून पाहू. सुकट, बोंबील यांसारख्या सुक्या मासळीत मीठ आणि फॉस्फरस दोन्ही भरपूर. ती बंद करावी. प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, जुलाब होतात आणि आधीच घटलेले पाणी आणखी घटते. कांदा-लसूण घातलेले कालवण मांजराच्या रक्तपेशी नष्ट करते. दुसऱ्या टोकाला जाऊन "प्रथिने नकोत" म्हणून नुसत्या भातावर ठेवणेही घातक. मांजर मांसाहारी आहे आणि त्याला लागणारे टॉरिन मांसातूनच मिळते.

पाणी पोटात जावे म्हणून ओले अन्न उत्तम. त्यात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असते, कोरड्या दाण्यांत जेमतेम एक दशांश. घरात दोन-तीन ठिकाणी रुंद, उथळ भांडी ठेवावीत, पाणी रोज बदलावे. पाणी अधिक पिते म्हणून भांडे उचलून ठेवण्याची चूक कोणीही करू नये. तसेच मांजराने दोन दिवस काहीच खाल्ले नाही, तर यकृतही बिघडू शकते. त्याआधीच डॉक्टरांशी बोलावे.

घरी सलाइन देणे

पुढच्या टप्प्यात डॉक्टर कातडीखाली सलाइन देण्याचा सल्ला देतात. खांद्यांमधील सैल कातडी चिमटीत उचलून सुई घालतात. द्रव तेथे फुगवटा करून थांबतो आणि काही तासांत शोषला जातो. तो फुगवटा एका पायाकडे ओघळला तरी घाबरू नये. हे कौशल्य दवाखान्यात दोन-तीन वेळा पाहून घरच्या घरी जमते. किती आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांनीच ठरवावे. हृदय कमकुवत असेल तर जास्त सलाइन फुप्फुसांवर येते. हात थरथरत असतील किंवा दृष्टी मंद असेल, तर शेजारच्या कुणा तरुणाला शिकवून घ्यावे, किंवा दवाखान्यात नेऊन सलाइन द्यावे. त्यात कमीपणा नाही.

हे कदापि देऊ नका

आपल्या औषधांच्या डब्यातील पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा प्राण घेऊ शकते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामके मूत्रपिंडे निकामी करतात. जमिनीवर पडलेली गोळी लगेच उचलावी. पुष्पगुच्छात येणारी लिलीची फुले घरात आणूच नयेत. तिचे पान, फूल, पराग, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांना विषासमान आहे.

काळजी घेणाऱ्याची काळजी

ट्रे साफ करताना कंबर वाकवावी लागू नये म्हणून लांब दांड्याचे फावडे वापरावे, नंतर साबणाने हात धुवावेत. गर्भवती स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. रात्री पाण्याच्या भांड्याला वा मांजराला अडखळून पडू नये म्हणून वाटेवर मंद दिवा असावा. ओरखडा किंवा चावा झाल्यास जखम पंधरा मिनिटे साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास तसे सांगावे. आणि एक कागद जरूर लिहून ठेवा: मांजराची औषधे, वेळा, डॉक्टरांचा क्रमांक. आपल्यालाच अचानक रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर शेजाऱ्याला त्या कागदावरून सारे करता येईल.

निरोपाचा विचार

हा आजार बरा होत नाही, हे पहिल्या दिवशी मान्य केले की पुढचा मार्ग सोपा होतो. उद्दिष्ट कागदावरील आकडा सुधारणे एवढेच नसते. मांजराचा दिवस सुसह्य जावा, हे असते. ते स्वतःहून खाते का, उन्हात जाऊन बसते का, हाक मारल्यावर कान टवकारते का, हे पाहावे. वाईट दिवस चांगल्यांहून अधिक होऊ लागले, जबरदस्तीने भरवणे ही रोजची झटापट झाली, तर डॉक्टरांशी दयामरणाविषयी मोकळेपणाने बोलावे. अनेकांना हा शब्द उच्चारणेही पाप वाटते. परंतु मुक्या जिवाच्या यातना लांबवणे म्हणजे प्रेम नव्हे. दूरच्या मुलांनाही त्या संभाषणात वेळीच सामील करून घ्यावे. मांजर त्यांचेही असते.

रोजच्या वहीत काय लिहावे?

- किती पाणी प्यायले (मिलिलिटर)
- लघवी किती वेळा, वाळूचे गोळे किती आणि केवढे. रक्त वा कुंथणे
- काय आणि किती खाल्ले. उलटी झाली का
- शौच झाले का
- दिलेली औषधे आणि सलाइन
- आठवड्यातून एकदा वजन, शक्यतो लहान मुलांच्या वजनकाट्यावर, त्याच वेळी

दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर औषधाची मात्रा आणि आहार ठरवणे त्यांना सुकर होते. सुरुवात आजच्या पाण्याच्या भांड्यापासून करावी.