थवा एक, सवयी अनेक

समुद्रपक्षी पाहायचे तर कोकणातच जायला हवे, असा आपला समज असतो. बारामती-इंदापूरच्या माणसांना मात्र ते घराजवळच भेटतात. भीमा नदीवर १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि भिगवण, डिकसळ, कुंभारगाव परिसरात पाण्याचा फुगवटा पसरला. हिवाळ्यात तिथे गर्दी होते ती फ्लेमिंगो पाहण्यासाठी. त्याच पाण्यावर कुरव पक्ष्यांचे पांढरे थवेही असतात. आपण त्यांना सीगल म्हणतो. त्यातला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच तलावांवर अंडी घालतो आणि थंडीत आपल्याकडे उतरतो.

प्रत्येक जातीची खाण्याची रीत वेगळी, हे आम्ही वर्गात शिकवतोच. फ्लेमिंगो चोच उलटी करून चिखलपाणी गाळतो. सुरय वरून सूर मारून मासा उचलतो. कुरव मात्र मिळेल ते खातो. कधी पाण्यावरून टिपतो, कधी मासेमारांच्या नावेमागे फिरतो, तर कधी सुरयाच्या चोचीतला मासा हिसकावतो.

पण एकाच जातीचे, एकाच थव्यातले सगळे पक्षी तरी सारखे असतात का? पक्ष्यांच्या पायात खुणेचे कडे घालून एकेकावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले, तेव्हा अभ्यासकांना दिसले की नसतात. प्रत्येकाची आपली जागा, आपले आवडते खाणे आणि आपली हातोटी असते.

हिवाळ्यात कोकण किनाऱ्यावर शिंपले खाणारा एक काळा-पांढरा, लांब केशरी चोचीचा पक्षी येतो. युरोपात त्याच्यावर पुष्कळ अभ्यास झाला आहे. काही पक्षी शिंपला ठोकून फोडतात. काही उघड्या फटीतून चोच घालून आतला स्नायू कापतात. काही चिखलातल्या अळ्यांवर भागवतात. ठोकणाऱ्याची चोच बोथट होते, कापणाऱ्याची पटाशीसारखी, तर चिखल उकरणाऱ्याची टोकदार. खाणे बदलले की काही आठवड्यांत चोचीचा आकारही बदलतो. म्हणजे इथे सवयच चोच घडवते! ही कला पिल्लू जन्मतः घेऊन येत नाही. ते बराच काळ आईबापांच्या मागे राहून शिकते.

कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरील कुरवांची गोष्ट आणखी बोलकी आहे. तिथे काही जोड्या शिंपले खात, काही माणसांच्या कचऱ्यावर जगत. कचऱ्यातले अन्न विनासायास मिळे; तरी पिल्ले जगवण्यात शिंपले खाणाऱ्या जोड्या पुढे होत्या. विशेष म्हणजे पिल्ले अंड्यातून बाहेर येताच अनेक आईबाप कचरा सोडून मासे आणू लागले. स्वतःला चालते ते लेकरांना चालत नाही, हे पाखरांनाही उमगते.

या वेगळेपणाचा फायदा काय? सगळे एकाच घासावर तुटून पडत नाहीत. एक अन्न आटले तरी थव्यातले काही तरी तगतात. आणि अवघड काम एकाने मनापासून आत्मसात केले की त्याचा वेळ वाचतो. पहिल्या वर्षाच्या कुरवाच्या शेपटीला काळी पट्टी असते. नवखा असल्याने त्याचे वार जास्त चुकतात. सरावाने हात बसतो.

म्हणूनच नावेतून फरसाण, वेफर्स उधळू नयेत. मुलांना गंमत वाटते, फोटोही छान येतो. पण मीठ-तेलाचे हे खाणे पाखरांचे अन्न नव्हे. शिवाय ज्या वयात पक्ष्याने शिकार शिकायची, त्याच वयात त्याला माणसाच्या हाताकडे पाहायची सवय लागते.

सकाळी उपाशी निघून संध्याकाळी भरल्या पोटी परतणाऱ्या पाखरांचा दाखला आपल्या घराघरांत मुलांना दिला जातो. त्यात निघणे आले, शोधणे आले. त्याला एवढेच जोडावेसे वाटते की प्रत्येक पाखराची वाट वेगळी असते. एका मुलाला पाठांतर जमते, दुसऱ्याला हातातले काम, तिसऱ्याला माणसे जोडणे. ‘बघ, तुझा भाऊ कसा शिकतो!’ असे आपण सहज बोलून जातो आणि ऐकणारे लेकरू आपली वाट शोधणेच सोडून देते.

या सुट्टीत मुलांना कुंभारगावला जरूर न्या. हजारो पक्षी मोजू नका. एकच कुरव निवडा, दहा मिनिटे त्याच्यावरून नजर हटवू नका आणि तो काय करतो ते मुलांनाच सांगू द्या.