शुक्रवारच्या आधीचा गुरुवार

कॅलिफोर्नियातल्या कॉनकॉर्ड शहरातल्या डे ला साल हायस्कूलचा फुटबॉल संघ १९९२ ते २००३ या बारा मोसमांत एकही सामना हरला नाही. सलग १५१ विजय. त्याआधीचा अमेरिकेतला शालेय विक्रम मिशिगनमधल्या हडसन हायस्कूलच्या नावावर होता. तो १९६८ ते १९७५ या काळातल्या सलग ७२ विजयांचा. डे ला सालने १९९७ मध्ये तो मागे टाकला आणि पुढे त्याच्या दुपटीपलीकडे मजल मारली.

आकडा मोठा आहेच, पण तो शाळेचा आहे हे त्यातलं खरं नवल. अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं असतं. नववीत आलेला मुलगा बारावी संपली की बाहेर पडतो. म्हणजे या बारा वर्षांत मुलांच्या तीन पिढ्या आल्या आणि गेल्या. १९९२ च्या संघातला एकही मुलगा २००३ च्या संघात असणं शक्यच नव्हतं. व्यावसायिक क्लबला चांगला खेळाडू दहा वर्षं राखता येतो, पैसे मोजून नवा आणता येतो. शाळेचे सर्वांत तयार खेळाडू मात्र दर उन्हाळ्यात निघून जातात आणि त्यांच्या जागी सोळा-सतरा वर्षांची नवी मुलं उभी करावी लागतात. एखादं वर्ष गुणी मुलांची तुकडी लाभणं हा योग असू शकतो. लागोपाठ बारा वर्षं जिंकायचं तर योगावर भागत नाही, त्यासाठी पद्धत लागते.

शाळा आणि तिचा प्रशिक्षक

डे ला साल ही ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक पंथाने १९६५ मध्ये सुरू केलेली फक्त मुलांची खासगी शाळा. विद्यार्थी हजाराच्या आसपास. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेला, ओकलंडच्या टेकड्या ओलांडून गेलं की माउंट डियाब्लोच्या परिसरात हे शहर लागतं. याच पूर्व भागातल्या सॅन रॅमोन, डब्लिन, प्लेझंटन या शहरांत आज अनेक मराठी कुटुंबं राहतात. त्यांची मुलं ज्या सरकारी शाळांत शिकतात, त्यांच्या संघांची गाठ मैदानावर डे ला सालशी पडते.

१९७९ मध्ये बॉब लाडूसर या तरुणाकडे इथला संघ आला, तेव्हा त्या संघाची कुणाला दखलही नव्हती. तोवरच्या एकाही मोसमात पराभवांपेक्षा विजय जास्त झाले नव्हते. लाडूसर पंचविशीचे होते, कॉलेजात फुटबॉल खेळलेले होते आणि शाळेत धर्मशिक्षणाचा विषय शिकवत होते. पुढची चौतीस वर्षं ते इथेच राहिले. जानेवारी २०१३ मध्ये त्यांनी पद सोडलं, तेव्हा त्यांच्या खात्यावर ३९९ विजय, २५ पराभव आणि ३ बरोबरी होती. सरासरी काढली तर मोसमाला एक पराभवसुद्धा भरत नाही.

ते वर्गातले शिक्षक होते ही बाब मला महत्त्वाची वाटते. प्रशिक्षक मैदानापुरता भेटत असेल, तर मुलाला त्याची शिट्टी कळते, माणूस कळत नाही. लाडूसर वर्गात जगण्याच्या, मरणाच्या, जबाबदारीच्या प्रश्नांवर मुलांशी बोलत आणि दुपारी तीच मुलं त्यांच्यासमोर सरावाला उभी राहत. त्यांचे सहकारी टेरी आयडसन हेही त्याच शाळेत धर्मशिक्षण देत. संघाच्या बचावाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. लाडूसर मितभाषी, तर आयडसन मोकळेपणाने बोलणारे. ही जोडी कित्येक वर्षं टिकली आणि त्यामुळे मुलं दरवर्षी बदलत राहिली, तरी शिकवणं बदललं नाही.

थोड्याच गोष्टी, पण अचूक

हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू हातात धरून खेळायचा अमेरिकी फुटबॉल. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. ते जमलं तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, त्याचे सहा गुण. शाळांचे सामने बहुतेक शुक्रवारी रात्री, दिव्यांच्या प्रकाशात होतात.

बहुतेक संघांकडे डावपेचांचं जाडजूड बाड असतं. लाडूसरांनी मोजक्याच चाली घेतल्या आणि त्या मुरवल्या. त्यांच्या आक्रमणाचा पाया 'व्हीर' नावाची रचना हा होता. ती साठच्या दशकात ह्यूस्टन विद्यापीठाचे प्रशिक्षक बिल योमन यांनी रूढ केली. तिची गंमत अशी, की चेंडू कुणी न्यायचा हे आधी ठरलेलं नसतं. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हाती असलेला खेळाडू, चेंडू घेतो आणि शेजारून मुसंडी मारणाऱ्या धावपटूच्या पोटाशी धरतो. समोरचा एक बचावपटू मुद्दामच मोकळा सोडलेला असतो. तो त्या धावपटूवर झेपावला, तर क्वार्टरबॅक चेंडू मागे ओढून स्वतः कडेला पळतो. तिथे दुसरा बचावपटू त्याच्यावर आला, तर चेंडू बाहेरच्या बाजूने पळणाऱ्या तिसऱ्याकडे फेकतो. बचाव करणाऱ्याने काहीही निवडलं तरी ते चुकीचं ठरावं, अशी ही योजना. मात्र हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकायचं असतं. एकाचंही पाऊल अर्ध्या फुटाने चुकलं तर चेंडू जमिनीवर पडतो.

म्हणून सराव. चेंडू हलताक्षणी पुढच्या फळीतल्या पाचही मुलांनी एकाच वेळी, कंबरेतून खाली वाकून मुसंडी मारायची, एवढी एकच गोष्ट ती मुलं पुन्हा पुन्हा घोटत. डे ला सालची ही फळी अनेकदा प्रतिस्पर्ध्यांपेक्षा वजनाने कमी असे. पण अंगाने दुप्पट मुलगा उभा राहून सावरण्याआधी हलकी मुलं त्याच्या छातीखाली शिरलेली असत. सामना पाहणाऱ्याला पळणारा मुलगा दिसतो. या शाळेचे सामने खऱ्या अर्थाने जिंकले ते ज्यांच्या हातात चेंडू कधी येत नाही, अशा मुलांनी.

या सगळ्यासाठी शरीर लागतं आणि ते मोसमात घडत नाही. डिसेंबरात शेवटचा सामना झाला की जानेवारीत पुढच्या वर्षाची तयारी सुरू होई. वजनं उचलणं, धावणं, उड्या, पुन्हा वजनं. हे आठवड्यामागून आठवडे, उन्हाळ्यापर्यंत चाले. टाळ्या वाजवायला इथे कुणी नसतं. लाडूसरांच्या लेखी संघ बांधला जाई तो याच काळात. आपल्या शेजारी कोण घाम गाळतोय आणि कोण टाळाटाळ करतोय हे मुलांना रोज दिसे. ज्याच्यासोबत सहा महिने कष्ट केलेत, त्याला सामन्यात वाऱ्यावर सोडणं सोपं नसतं.

लिहून दिलेला शब्द

या पद्धतीचा गाभा मला गुरुवारच्या संध्याकाळी दिसतो. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रार्थनेसाठी संघ एकत्र जमे. मग एखाद्या खेळाडूच्या घरी सगळ्यांचं जेवण होई आणि त्यानंतर बैठक. तिथे प्रत्येक मुलाच्या हातात एक कार्ड असे. त्यावर त्याने आपली उद्दिष्टं लिहिलेली असत: व्यायामाचं एक, सरावाचं एक आणि सामन्यातलं एक. प्रत्येक जण उठून उभा राहायचा, संघातल्या एका सोबत्याकडे पाहून ती सर्वांसमोर वाचून दाखवायचा आणि कार्ड त्याच्या हाती द्यायचा. लिहिलेलं पार पडलं की नाही, हे विचारण्याचा हक्क आता त्या सोबत्याचा.

जबाबदारीची दिशा इथे बदलते. एरवी मुलगा प्रशिक्षकाच्या धाकाने धावतो आणि प्रशिक्षकाची पाठ फिरली की थांबतो. इथे वचन दिलेलं असतं बरोबरीच्या मुलाला. त्याची पाठ फिरत नाही, कारण तो वर्गात, जेवताना, व्यायामशाळेत सतत बाजूलाच असतो. शिवाय कार्डावर 'आपण जिंकू' असं लिहून भागत नसे. मी किती वजन उचलीन, सरावात कुठली चूक टाळीन, सामन्यात माझ्यासमोरच्याला कसं अडवीन, हे लिहायचं. निकाल कुणाच्याच हातात नसतो, पण या गोष्टी प्रत्येकाच्या हातात असतात.

त्याच बैठकांत मुलं मन मोकळं करत. एखादा सोबत्याचे आभार मानताना रडे, एखादा घरातली अडचण सांगे. सोळा-सतरा वर्षांच्या, अंगापिंडाने दणकट मुलांना एकमेकांसमोर असं उघडं होता येणं ही कुठल्याही समाजात सहज घडणारी गोष्ट नाही. मैदानात उतरताना हा संघ दोघा-दोघांच्या जोड्यांत, हात हातात धरून चालत येई. ज्या खेळात धडकेला इतकं मोल आहे, तिथे मुलांना असे हात धरून चालायला लाज वाटत नसे, यातच त्यांच्या घडणीचं यश आहे असं मी मानतो.

स्थानिक वृत्तपत्रातले क्रीडालेखक नील हेज २००२ चा पूर्ण मोसम या संघासोबत राहिले. त्यातून २००३ मध्ये 'व्हेन द गेम स्टँड्स टॉल' हे पुस्तक निघालं. २०१४ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही आला.

कसोटी आणि टीका

आपल्या भागातल्या दुबळ्या शाळांना हरवून विक्रम रचला, असा आक्षेप घेतला जाई. शाळेने त्याला मैदानावर उत्तर दिलं. १९९८ पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या मेटर डे या बलाढ्य शाळेशी सामने घेतले. ६ ऑक्टोबर २००१ रोजी लाँग बीच पॉली या शाळेशी गाठ पडली. देशाच्या क्रमवारीतले पहिले दोन संघ पहिल्यांदाच समोरासमोर येत होते. पॉलीच्या त्या संघातले अनेक जण पुढे एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत खेळले. डे ला सालने सामना २९-१५ असा जिंकला. चार टचडाऊन करणारा मॉरिस ड्रू पुढे मॉरिस जोन्स-ड्रू या नावाने एनएफएलमध्ये गाजला.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सरकारी शाळेला आपल्या हद्दीतलीच मुलं घ्यावी लागतात, तर खासगी शाळेत दूरदूरच्या गावांतली मुलं येऊ शकतात. हा फरक खरा आहे आणि तो नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पण हाच फायदा कॅलिफोर्नियातल्या इतर खासगी शाळांनाही होता आणि त्यांतल्या एकीलाही असा विक्रम जमला नाही. चांगली मुलं येणं आणि त्यांचा संघ होणं यांत जे अंतर आहे, ते कार्डं, जानेवारीतला व्यायाम आणि तीस वर्षं न हललेले शिक्षक यांनी भरून काढलं.

हरल्यानंतर

२००४ च्या ऑगस्टमध्ये, नुकताच शाळा संपवलेला इथला एक लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला खेळाडू, शेजारच्या रिचमंड शहरात गोळीबारात मारला गेला. ओरेगॉन विद्यापीठात खेळायला निघण्याला त्याचे दोनच दिवस उरले होते. त्या दुःखातच नवा मोसम सुरू झाला. ४ सप्टेंबरला सिएटलच्या मैदानावर वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू हायस्कूलने डे ला सालला ३९-२० असं हरवलं आणि विजयांची मालिका १५१ वर थांबली. त्या मोसमात आणखीही पराभव झाले.

माझ्या मते पद्धतीची खरी परीक्षा इथे झाली. विजयावर उभा असलेला संघ पहिल्या मोठ्या पराभवाने कोसळतो. इथे मुलांनी पुन्हा कार्डं लिहिली आणि पुन्हा जानेवारीत वजनं उचलली. २००६ पासून राज्य पातळीवरचे अंतिम सामने सुरू झाले. त्यात डे ला सालने २००७ मध्ये आणि मग २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षं विजेतेपद मिळवलं. लाडूसरांच्या जागी आलेले जस्टिन अॅलम्बॉ हे याच संघाचे माजी खेळाडू, नंतर त्यांचेच सहायक. त्यांच्या हाताखाली २०१४ आणि २०१५ मध्ये शाळा पुन्हा राज्यविजेती झाली. उत्तर कॅलिफोर्नियातल्या कुठल्याही शाळेने तर डे ला सालला १९९१ च्या डिसेंबरनंतर हरवलंच नव्हतं. ३१८ सामन्यांची ती मालिका १० सप्टेंबर २०२१ ला माउंटन व्ह्यूच्या सेंट फ्रान्सिस शाळेने ३१-२८ अशी मोडली.

२०१६ पासून मात्र राज्याच्या अंतिम सामन्यात दक्षिणेकडच्या मेटर डे आणि सेंट जॉन बॉस्को यांच्यासारख्या शाळा वरचढ ठरत आल्या. आज गुणी मुलं एका शाळेतून दुसरीत सहज जातात आणि ठिकठिकाणचे तयार खेळाडू मोजक्या शाळांत एकवटतात. चार वर्षं एकाच ठिकाणी मुलगा घडवायचा, ही रीत त्यामुळे अवघड होत चालली आहे. तरीही २०२४ मध्ये डे ला साल राज्याच्या सर्वोच्च गटाच्या अंतिम सामन्यात होती आणि मेटर डेकडून हरली. अव्वल दोघांत पोहोचून हरणाऱ्या या संघाला उतरती कळा लागली असं मला वाटत नाही.

शालेय खेळ चालवणाऱ्या कुणालाही यातून घेण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं बहुतेक काही पैशाने मिळणारं नाही. शिक्षकच प्रशिक्षक असावा आणि तो टिकावा. थोडं शिकवावं, पण पक्कं शिकवावं. मेहनत मोसमाच्या आधी व्हावी. मुलांनी शब्द एकमेकांना द्यावा, तोही स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टींचा. लाडूसरांच्या हाताखालून गेलेल्या मुलांपैकी एनएफएलपर्यंत पोहोचलेले थोडेच. बाकीचे सगळे नोकरी-धंद्याला, संसाराला लागले. मी सोबत्याला सांगितलं होतं आणि केलं, ही सवय त्यांना तिथे रोज उपयोगी पडते. शाळेने फुटबॉल शिकवावा तो यासाठी, आणि जी शाळा हे शिकवते तिच्या वाट्याला विजयही येत राहतात, हे कॉनकॉर्डच्या मुलांच्या तीन पिढ्यांनी दाखवून दिलं आहे.