कौटुंबिक हिंसेची ओळख व प्रथमसेवकांचे कर्तव्य : माढा तालुक्याच्या अनुषंगाने

घरातील मारझोडीची हकीकत न्यायालयापर्यंत फार क्वचित पोहोचते. रुग्णालयाच्या दारापर्यंत मात्र ती निराळ्या नावाने पोहोचत असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (2019-21) महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा सोसलेली आहे. संपूर्ण देशाचा विचार करता, अशी हिंसा सोसणाऱ्यांपैकी शेकडा 14 स्त्रियांनीच कोणाची तरी मदत मागितली, आणि तीही बहुधा माहेरच्या माणसांकडे. तेव्हा वैद्य, परिचारिका, आशा सेविका यांनी ओळखावयाचे काय, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही.

‘पाय घसरला’ हे उत्तर माढ्याच्या बाह्यरुग्ण विभागातही अपरिचित नसावे. परंतु घसरून पडल्याने कान, मान व दंडाची आतील बाजू सहसा दुखावत नाही. निरनिराळ्या दिवसांच्या जखमा, उपचारास झालेला विलंब, गरोदरपणी पोटावरील मार, विषप्राशन, कारण न सापडणारी जुनाट दुखणी, ही सर्व चिन्हे होत. गळा दाबल्याची खूण तर जिवावरच्या धोक्याची सूचना समजावी. जागतिक आरोग्य संघटनेने 2013 च्या मार्गदर्शिकेत सरसकट प्रत्येकीस विचारण्याची शिफारस केलेली नाही. अशी चिन्हे दिसताच एकांतात विचारावे, असा तिचा आशय आहे. एकांत हीच खरी अडचण. सासू शेजारी बसली असता ‘ताई, घरी कोणाची भीती वाटते का?’ हे विचारणे निष्फळच नव्हे, तर घातक होय. तपासणीच्या निमित्ताने नातेवाइकांस बाहेर थांबविता येते. आशा सेविकेची कुचंबणा याहून मोठी. ती त्याच गावची, पुष्कळदा त्याच भावकीतली सून असते. तिच्याकडून पंचाईत मिटविण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. तिने ऐकावे, विश्वास दाखवावा व वाट सांगावी, इतके पुरे.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने (अंमल 26 ऑक्टोबर 2006) शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असा चतुर्विध छळ मानला आहे. सद्हेतूने माहिती देणाऱ्यावर कलम 4 अन्वये दायित्व येत नाही. घटनेचा अहवाल हाती नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उलट, तो आधी झालेला नसल्यास रुग्णालयप्रमुखाने नमुना 1 भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे धाडावयाचा असतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 च्या सुमारास ‘सेहत’ संस्था व महानगरपालिका यांनी आरंभिलेल्या ‘दिलासा’ केंद्राने हे काम सार्वजनिक रुग्णालयात होऊ शकते, हे दाखविले. तालुक्याच्या ठिकाणी स्वतंत्र समुपदेशिका असतेच असे नाही. तेथे केसपेपरच्या नोंदीला अधिक मोल येते. जखमेचे स्थान, आकार, दिनांक आणि मारणारा कोण, हे तिच्याच शब्दांत लिहावे. ती पुढे माहेरी परतली, तर कलम 27 प्रमाणे तेथील दंडाधिकाऱ्यापुढेही अर्ज करू शकते. तपासणी-अहवालाची प्रत तिला विनामूल्य द्यावयाची असते. ती घरी नेणे सुरक्षित आहे काय, हे मात्र आधी तिलाच विचारावे.