काकांची सरासरी

मावशीचे माहेर बेळगावचे, सासर पांढुर्ण्याजवळचे तिगाव. गाव मध्य प्रदेशात, पण बोली मराठीच. काकांनी पंचाहत्तरी ओलांडली तरी मोटारसायकलवरून रोज पांढुर्ण्याला जातात. ते निघाले की मावशी अजून कानडीत "निधान, निधान" म्हणते. मराठीत निधान म्हणजे ठेवा, कानडीत सावकाश. काका सोयीचा अर्थ घेतात.

गेल्या पोळ्याला गेलो तेव्हा मावशीने मला बाजूला घेतले. महिन्यात दोनदा काका पडता पडता वाचले होते. "तू तरी सांग त्यांना."

सांगितले. "मले काय झालं? तरणेपणी गोटमारीत गोटे चुकवले म्या!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी ती दगडफेक. मला तिचे कौतुक नाही, पण काकांचा पुरावा तोच.

मग मी नातवाच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी काढली. एकाने ती उभी धरायची, दुसऱ्याने शून्यापाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडली की पकडायची. १७ वर पकडली तर सुमारे ०.१९ सेकंद लागला, २९ वर पकडली तर जवळजवळ पाव सेकंद.

माझे दहा आकडे: १९, २१, २०, २२, २०, २१, १९, २०, २२, २१. काकांचे: १७, १८, १६, २९, १७, १९, २८, १८, १७, २६. दोघांची बेरीज २०५! काका खूश. दहापैकी सात वेळा त्यांनी मला हरवले होते.

पण माझी नजर त्या २९, २८ आणि २६ वर होती. वयाबरोबर हात मंदावतो हे सगळ्यांना ठाऊक असते. त्याबरोबर एकाच माणसाच्या वेळांमधला चढउतारही वाढतो, हे फारसे कुणी पाहत नाही. क्षणभर लक्ष सुटते आणि एखादाच प्रतिसाद उशिरा येतो. सरासरीत तो लपतो, रस्त्यावर लपत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्यांमध्ये हा चढउतार निरोगी समवयस्कांपेक्षा अधिक आढळला आहे. स्कॉटलंडमध्ये पन्नाशीतल्या सुमारे ९०० जणांच्या प्रतिसादाच्या वेळा मोजून पुढे कित्येक वर्षे त्यांची माहिती ठेवली गेली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात मंद आणि अस्थिर वेळांचा संबंध लवकर येणाऱ्या मृत्यूशी दिसला.

हे शेवटचे वाक्य मी काकांना सांगितले नाही. ते हजारो वेळा मोजलेल्या समूहाचे गणित. दहा वेळा पट्टी पकडून कुणाचा रोग कळत नाही. अपुरी झोप, सर्दीची गोळी, मोतीबिंदू, दुखरी बोटे, कशानेही आकडे बिघडतात. प्रयोगशाळेत संगणकावर कितीतरी अधिक वेळा मोजतात. शेजाऱ्याशी तुलना करण्यापेक्षा आपलीच आपल्याशी, त्याच वेळी, त्याच हाताने केलेली बरी.

त्या रात्री काका पोळ्याच्या जागरणाने थकलेले होते. म्हणून दुसऱ्या दिवशी चांगली झोप झाल्यावर पुन्हा मोजले. नऊ आकडे १६ ते २० मध्ये आले. एक २८.

काका त्या एका आकड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हा कुठून आला बा?"

डोळे आणि रक्तदाब तपासून घ्यायला ते तयार झाले आहेत. अंधार पडल्यावर गाडीची किल्ली मावशीकडे असते. दिवसाची किल्ली मात्र अजून काकांच्याच खिशात आहे, आणि वहीत दर रविवारचे दहा आकडे मावशी लिहिते, कानडी अंकांत, म्हणजे काकांना खाडाखोड करता येत नाही.