आपत्काली व्यापारी संदेशवहन : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

व्यापार चालतो तो माल, पैसा आणि वार्ता या तिहींच्या प्रवाहावर. पहिल्या दोहोंचे विवेचन अर्थशास्त्रात विपुल आढळते. तिसरीकडे मात्र ती खंडित होईपर्यंत सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पूर, अतिवृष्टी किंवा भूकंप अशा प्रसंगी संदेशवहन का कोसळते, व ते टिकवावयाचे तर नेमके काय टिकवावे लागते, याचा विचार पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांच्या आधारे करणे उद्बोधक ठरेल.

या प्रदेशाचे अर्थजीवन बहुतांशी नाशवंत मालावर उभे आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने, गावोगावची दूध संकलन केंद्रे, भिगवण व इंदापूर येथील उजनी जलाशयाच्या मासळीचा बाजार यांचा व्यवहार तासांच्या हिशेबाने चालतो. तोडलेला ऊस जितका काळ पडून राहील तितके त्याचे वजन व साखर घटत जाते. न थंडावलेले दूध उन्हाळ्यात काही तासांतच नासते. मुकादमाला तोड थांबविण्याचा निरोप पोहोचला नाही, किंवा रस्ता बंद असल्याचे दुधाच्या गाडीला कळले नाही, तर तोटा अखेर शेतकऱ्याच्या पदरी पडतो.

आपत्तीही येथे अपरिचित नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कऱ्हेच्या वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली, नाझरे धरणातून पाणी सोडावे लागले आणि बारामतीच्या सखल भागांतील रहिवाशांना हलवावे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये इंदापूर तालुक्यातील ओढ्यांना पूर येऊन पुणे–सोलापूर महामार्गावरील वाहतूक खोळंबली. मे २०२५ मध्ये पिंपळी-लिमटेकनजीक नीरा डावा कालवा फुटला व दोन्ही तालुक्यांत राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके पाठविण्यात आली. अशा वेळी वरच्या गावची वार्ता खालच्या गावाला पाण्याच्या आधी पोहोचणे हा केवळ व्यापाराचा प्रश्न राहत नाही. तो जीविताचा प्रश्न होतो.

सामान्य समज असा की, साधने जितकी अधिक तितके संदेशवहन सुरक्षित. हा समज अर्धवट आहे. एखाद्या पेढीजवळ दोन कंपन्यांचे भ्रमणध्वनी, इंटरनेटची जोडणी व संगणकावरील पत्रव्यवहार अशी चार साधने असतील. परंतु दोन्ही कंपन्यांची यंत्रे एकाच मनोऱ्यावर बसविलेली असणे ही आज नित्याची गोष्ट आहे. त्या मनोऱ्याला वीज एकाच वाहिनीवरून मिळते. ती गेली की बॅटरी काही तास साथ देते. पुढे डिझेलचे जनित्र चालते, आणि डिझेल आणणारी गाडी पाण्याखालच्या पुलापाशी अडते. इंटरनेटची प्रकाशतंतूची तार त्याच पुलाच्या कडेने नेलेली असेल, तर पुलाबरोबर तीही तुटते. चार दिसणारी साधने वस्तुतः एकच होती, हे कळते ते ती सर्व एकदम बंद पडल्यावर.

म्हणून मोजावयाची ती साधनांची संख्या नव्हे, तर त्यांची परस्परनिरपेक्षता. जुन्या तारेच्या दूरध्वनीचा गुण याच दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्याला लागणारी वीज ग्राहकाच्या घरातून नव्हे, तर दूरध्वनी केंद्रातील ४८ व्होल्टच्या बॅटरीतून त्याच तारेने येत असे. त्यामुळे गावात अंधार असला तरी दूरध्वनी चालू राही. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली आणि घरोघरचे तारेचे दूरध्वनीही विरळ झाले. वेग वाढला, पण विजेपासूनची ती स्वतंत्रता गेली.

साखर कारखान्याचे उदाहरण याहून सूक्ष्म आहे. गळिताच्या हंगामात कारखाना उसाच्या चिपाडावर स्वतःची वीज निर्माण करतो. परिसरात वीज नसली तरी त्याचे कार्यालय चालू राहू शकते. आपत्काळी हेच संदेशकेंद्र व्हावे, असे सहज वाटते. परंतु गळीत साधारणतः ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात सुरू होऊन वसंतात संपते, आणि वर सांगितलेल्या तिन्ही आपत्ती मे ते ऑक्टोबर या काळातील आहेत. ज्या काळात स्वतंत्र वीज हवी, नेमक्या त्याच काळात बॉयलर थंड असतो. तात्पर्य, आधाराचे साधन आहे की नाही एवढे पाहून भागत नाही. ते कोणत्या ऋतूत आहे, हेही पाहावे लागते.

दुसरे कारण गर्दीचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईतील दूरध्वनी व भ्रमणध्वनी दोन्ही मोठ्या प्रमाणावर विस्कळित झाले. संभाषणाला संपूर्ण काळ एक मार्ग अडवून ठेवावा लागतो. लघुसंदेशाला क्षणभराची जागा पुरते, व समोरचा संच बंद असल्यास तो केंद्रात साठून नंतर पोहोचतो. म्हणून संकटात बोलण्यापेक्षा लिहिणे श्रेयस्कर. मनोरेच बंद पडले, तर परवानाधारक बिनतारी संच उरतात. २००१ च्या भूज भूकंपानंतर हौशी रेडिओचालकांनी बाहेरच्या जगाशी संपर्क राखला, तो त्यांचे संच अशा कोणत्याही जाळ्यावर अवलंबून नव्हते म्हणूनच.

तथापि सर्वांत विश्वसनीय संदेश तो, जो पाठवावाच लागत नाही. नदीची पातळी ठराविक खुणेवर गेली की तोड थांबवावी. अमुक वेळेपर्यंत निरोप न आल्यास दूध जवळच्या शीतकरण केंद्रावर उतरावे. संपर्क तुटल्यास कोणी, कोठे, किती वाजता भेटावे, असे संकेत गट कार्यालय, मुकादम व वाहनचालक यांच्यात पावसाळ्यापूर्वीच ठरले असतील, तर मौनालाही अर्थ प्राप्त होतो. निरोप न येणे हाच मग निरोप ठरतो.

सारांश, आपत्काली संदेशवहनाची परीक्षा दोन प्रश्नांनी करावी : एक साधन बंद पडले असता दुसरे त्याच कारणाने बंद पडेल काय? आणि सर्वच बंद पडली, तर माणसांना आपापले कर्तव्य ठाऊक आहे काय? पहिल्याचे उत्तर गावाचा नकाशा समोर ठेवून वीज, पूल व मनोरे यांवर बोट ठेवीत शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर परस्परांच्या विश्वासात असते. दोन्ही कामे कोरड्या दिवसांतच करावयाची असतात.