काचेच्या पेटीतला ओढा : काय घालावे, काय टाळावे

गेल्या उन्हाळ्यात घरच्या मुलांनी काचेची एक जुनी पेटी मिळवली. निम्म्यात पाणी, निम्म्यात माती-दगडांचा हिरवा काठ. अशा पेटीला पाल्युडेरियम म्हणतात. चौथ्या दिवशी सगळे गप्पी मासे मेले. धाकटी दिवसभर जेवली नाही. चूक आम्हा मोठ्यांची होती. काठ अडवायला आम्ही जस्ताचा मुलामा दिलेली जाळी लावली होती आणि माती आणली होती पऱ्हाटीच्या वावरातून.

जस्त आणि तांबे पाण्यात उतरले की माशांना विष होते. म्हणून जाळी प्लास्टिकची घ्यावी. वावराच्या मातीत फवारणीचे औषध असू शकते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. जे औषध धडधाकट माणसाला मारते, ते दोन बोटांच्या माशाला कसे सोडील? औषधाचा रिकामा डबा धुऊनसुद्धा पाण्याला वापरू नये, पेटीच्या नाही आणि घरच्याही नाही. मातीऐवजी धुतलेली वाळू व भिजवून धुतलेला नारळाचा भुसा चालतो.

दगड आपल्याकडचा काळा पत्थर उत्तम. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडेही निघतात. दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर चुना आहे, तो दगड ठेवू नका. चुन्याने पाणी जड होते. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात तर बोअरचे पाणी आधीच खारे, तिथे ते वापरूच नये. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग भरावे, म्हणजे क्लोरीन उडून जाते.

लाकूड वाळलेले, बिनरंगाचे घ्यावे. ते उकळून, पाणी बदलत आठवडाभर भिजवावे. कडुनिंबाचे नको, ते माशांना बाधते. काचा जोडायला माशांच्या पेट्यांचेच सिलिकॉन घ्यावे. न्हाणीघराच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक असते. आंबट वास पुरता गेल्याशिवाय पाणी भरू नये.

ओढ्यातले कासव मात्र आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा ठरतो.

यंदा आम्ही पेटी पुन्हा लावली. आधी पंधरा दिवस नुसती झाडे व पाणी ठेवले, मग दोनच मासे सोडले. धाकटी रोज सकाळी आधी ते मोजते. अजून दोन्ही आहेत.